पाण्यात टाकलं की पोहणं आपोआप येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अडीच वर्षांचा आहे. गावाकडे आजोबा म्हणतात, विहिरीत टाका, दोन दिवसांत हात मारायला लागेल, आम्ही सगळे तसेच शिकलो. मोबाइलवर चार-पाच महिन्यांची बाळं पाण्याखाली डोळे उघडे ठेवून सरकताना दिसतात. मग पोहणं उपजत असतं आणि पुढे आपण ते विसरतो, असं आहे का? की शिकवावंच लागतं? आणि शिकवायचं तर कोणत्या वयापासून?

शिकवावंच लागतं. उपजत काहीच नसतं असं नाही, पण जे उपजत आहे त्याला पोहणं म्हणता येत नाही, आणि त्यातलं बरंचसं पोहण्याच्या आडच येतं. लहान मुलाला पोहायला शिकवायचं म्हणजे तीन उपजत सवयी मोडायच्या: श्वास कोंडून धरणं, डोकं वर काढणं आणि हातांनी पाणी खाली दाबणं. हे ध्यानात ठेवलं तर कोणता क्लास बरा आणि कोणतं साधन टाळायचं, हे बरंचसं तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. ती बाळं खोटी नाहीत. अमेरिकेतल्या मर्टल मॅकग्रॉ यांनी ११ दिवसांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या ४२ मुलांच्या पाण्यातल्या हालचाली टिपून ठेवल्या आणि १९३९ साली ते निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यांना तीन टप्पे दिसले. पहिल्या चार-पाच महिन्यांत बाळाला पाण्यात पालथं धरलं की हातपाय लयीत हलतात, अंग थोडं पुढेही सरकतं आणि श्वास रोखला जातो. त्यानंतर ही लय मोडते. बाळ उताणं व्हायला बघतं, तडफडतं, धरणाऱ्याचा हात पकडतं, पाणी गिळतं, खोकतं. पुढे चालायला लागल्यावर पाय हेतूने मारणं हळूहळू सुरू होतं. म्हणजे पहिल्या टप्प्यातली हालचाल ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. नवजात बाळाला उभं धरून तळवे जमिनीला लावले की ते पावलं टाकतं. ते ‘चालणं’ दोनेक महिन्यांत नाहीसं होतं आणि खरं चालणं वर्षाच्या आसपास नव्याने येतं, तसंच हे. फरक इतकाच की जमीन मुलाच्या पायाखाली दिवसभर असते, त्यामुळे चालणं धडपडत का होईना येतंच. पाणी तसं नसतं, आणि तिथे धडपडायला मिळणारा वेळ फार थोडा.

आणखी एक गोष्ट त्या व्हिडिओत दिसत नाही. ते बाळ श्वास घ्यायला डोकं वर काढू शकत नाही. मान तेवढी सावरतच नसते. कोणीतरी उचललं नाही तर ते तसंच खाली जातं. जन्मावेळी बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या पाव हिस्सा असतं. मोठ्या माणसाचं जेमतेम आठवा. चालायला लागलेलं मूल अर्ध्या बादलीतही तोंडावर पडतं आणि बाहेर येऊ शकत नाही, ते याच वरच्या जडपणामुळे. तोंडावर पाणी आलं की घशातला मार्ग आपोआप बंद होतो, हेही खरं. पण ही क्रिया वय वाढेल तशी मंदावते, आणि लहान बाळातही ती दर वेळी चोख चालेल असं नाही. बाळ वारंवार बुडवलं तर पोटात पाणी जात राहतं, रक्तातलं सोडियम उतरतं, बाळ सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हौसेनं पाण्याखाली सोडू नका. कपड्यांसकट पाण्यात पडून उताणी होणारी बाळं दाखवतात ती अनेक आठवडे रोज सराव करवून घेतलेली असतात. त्यात उपजत काही नाही. वर्षाच्या आतल्या बाळांचं बुडणं अशा वर्गांमुळे कमी होतं, याला पुरावाही नाही.

म्हैस पोहते, कुत्रा पोहतो, मग माणूस का नाही? म्हशीचं अंग मुळात आडवं. नाकपुड्या लांब तोंडाच्या टोकाला, पाठीच्या रेषेच्याही वर. जमिनीवर चालते तसे पाय पाण्यात हलवले की झालं. आपलं शरीर उभं, नाक-तोंड पुढच्या बाजूला. जमिनीवरची चाल पाण्यात काही कामाची नाही. चिंपांझी आणि ओरांगउटान यांचंही असंच आहे. त्यांनाही पोहणं उपजत येत नाही, म्हणून प्राणिसंग्रहालयांत त्यांच्या आवाराभोवती पाण्याचे खंदक ठेवत आले आहेत. माणसांच्या सहवासात वाढलेले एक चिंपांझी आणि एक ओरांगउटान पोहायला शिकल्याची नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांनाही शिकावंच लागलं.

आता तरंगण्याचा हिशेब बघा, कारण पुढचं सगळं शिकवणं त्यावर उभं आहे. छाती हवेने भरलेली असेल तर बहुतेक माणसं गोड्या पाण्यात तरंगतात, पण अगदी जेमतेम. पाण्याबाहेर राहतो तो अंगाचा दोन-तीन टक्के भाग. हवा सोडली की बहुतेक जण खाली जातात. हा दोन-तीन टक्क्यांचा भाग कोणता, यावर सगळं अवलंबून. उताणं असाल तर तो चेहरा असतो. उभे असाल तर ती टाळू असते, आणि टाळूतून श्वास घेता येत नाही. घाबरलेलं मूल उभं राहतं, डोकं वर ताणतं. डोकं पाण्याबाहेर गेलं की तेवढं वजन पेलायला पाणी उरत नाही, पाय खाली जातात, तोंड पाण्याच्या रेषेवर येतं. मग हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबू लागतात. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने १९७०च्या दशकात बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून ही अवस्था नेमकी मांडली. माणूस उभा, मान मागे, तोंड पाण्याखाली-वर होत असलेलं, पाय जवळजवळ स्थिर. ओरडता येत नाही, कारण श्वासच पुरत नाही. हात हलवून बोलावता येत नाही, कारण हात पाणी दाबण्यात गुंतलेले. हे २० ते ६० सेकंद चालतं. लहान मुलात त्याहून लवकर आटोपतं. पाण्यात माणसाला निसर्गानं दिलेली प्रतिक्रिया म्हणाल तर ती ही आहे. शेजारी उभ्या असलेल्याला वाटतं, पोर पाण्यात खेळतंय.

मग आजोबांचं म्हणणं खोटं का? नाही. ते शिकले, पण ‘टाकल्यामुळे’ नव्हे. जुन्या पद्धतीत नीट बघितलं तर बरंच शहाणपण होतं. मूल आठ-दहा वर्षांचं असायचं. विहिरीच्या पायऱ्यांवर बसून दोन उन्हाळे त्याने इतरांचे मुटके आणि सूर बघितलेले असायचे. कमरेला दोर, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळलेला भोपळा, आणि खाली पाण्यात काका किंवा थोरला भाऊ. पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं. बिंडा पाठीला बांधला की अंग आडवं राहतं, हात आणि पाय मोकळे राहतात, आणि सवय होईल तसा लहान बिंडा देता येतो. पद्धत म्हणून ती आजच्या दंडावरच्या फुग्यांपेक्षा कितीतरी सरस. दोष होते ते वेगळे: गाठ सैल झाली की बिंडा पोटाकडे सरकतो आणि मूल उलटं होतं, भोपळ्याला चीर गेली की त्यात पाणी भरतं. नुसतं ढकलून दिल्यानं जे शिकले ते आज सांगायला आहेत. जे बुडाले त्यांचं ऐकायला मिळत नाही, आणि जे जन्मभर पाण्याला भिऊन राहिले ते सहसा बोलत नाहीत. अडीच वर्षांच्या मुलाला यातलं काहीच लागू होत नाही. त्याला ना दोराचा अर्थ कळतो, ना ‘पाय मार’ची सूचना पाण्यात ऐकू येते. ढकललेल्या मुलाच्या नाकातोंडात पाणी जातं, स्वरयंत्र आवळतं, आणि पुढचे कित्येक महिने ते आंघोळीच्या तांब्यालाही रडतं. ही भीती घालवण्यात जितका वेळ जातो, तितक्यात ते निवांत तरंगायला शिकलं असतं.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पूर्वी चार वर्षांच्या आत शिकवू नका असं सांगत. २००९ साली एका अभ्यासात, १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये रीतसर शिकवणीचा संबंध बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी असण्याशी आढळला. २०१० साली त्यांच्या संघटनेने चार वर्षांची अट सैल केली. २०१९ पासून पहिल्या वाढदिवसानंतर बहुतेक मुलांना सुरुवात करता येईल असं ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा भर थोडा निराळा आहे. सहाच्या आतल्या मुलांसाठी देखरेखीखालचं पाळणाघर, आणि सहाच्या वरच्यांना पोहणं. कारण आपल्यासारख्या देशांत लहान मुलं बुडतात ती तलावावर क्लास चालू असताना नव्हे, तर मोठी माणसं कामात असताना, घराजवळच्या डबक्यात किंवा हौदात.

लवकर सुरू केलं की लवकर पट्टीचा पोहणारा होतो, हा मात्र गैरसमज. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मुलांना फ्रीस्टाइलची प्राथमिक पायरी कधी जमते ते पाहिलं गेलं, तेव्हा दोन, तीन किंवा चार वर्षांनी सुरुवात केलेली मुलं साधारण साडेपाचच्या सुमाराला त्याच ठिकाणी पोचली. दोन वर्षांच्या मुलाला तीन वर्षं लागली, पाच वर्षांच्याला काही महिने. हात आणि पाय वेगवेगळ्या लयीत हलवून मान एका बाजूला वळवायची, हे मेंदूला त्याआधी झेपत नाही. म्हणून अडीच वर्षांच्या मुलासाठी ‘स्ट्रोक’ शिकवणारा क्लास शोधू नका. या वयात शिकायच्या गोष्टी निराळ्या आहेत.

सुरुवात घरी, न्हाणीघरात. ‘एक, दोन, तीन’ म्हणून डोक्यावरून तांब्या ओता, कपाळापासून मागे नव्हे तर पुढे, चेहऱ्यावरून जाईल असा. आकडे दर वेळी त्याच लयीत म्हणा, म्हणजे तिसऱ्या आकड्याला मूल स्वतः तोंड मिटायला शिकतं. मग पसरट परातीत किंवा टबात ओठ बुडवून फुगे काढणं. तोंडाने जमलं की नाकाने. त्याची युक्ती सोपी: तोंड मिटून ‘म्म्म्म’ असं गुणगुणायला लावा. गुणगुणताना हवा नाकातूनच बाहेर पडते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. तीन सेकंद, मग पाच. सलग दहा वेळा, मध्ये तोंड न पुसता. चेहऱ्यावरचं पाणी दर वेळी टॉवेलने टिपून देणारे पालक नकळत शिकवतात की पाणी ही पुसून टाकायची गोष्ट आहे.

श्वासावर इतका भर का? श्वास कोंडलेलं मूल डोकं वर काढतं तेव्हा त्याला एका क्षणात आधी हवा सोडायची असते आणि मग घ्यायची असते. तेवढा वेळ मिळत नाही. ते भरलेल्या छातीवर वरवरचा श्वास घेतं, दोन-तीन वेळा असं झालं की दम लागतो, आणि मग घाबरून उभं राहतं. ‘हिला दम नाही’ असं ज्या मुलींबद्दल सांगतात त्यांच्यापैकी बहुतेकींना दम असतो, पाण्यात उच्छ्वास नसतो.

तलावात पहिली गोष्ट उताणं तरंगणं. बहुतेक दोन-तीन वर्षांच्या मुलांना ते आवडत नाही: कानात पाणी जातं, आवाज बदलतो, समोर आईचा चेहरा दिसत नाही. म्हणून हातांवर आडवं करू नका. तुम्ही गळ्याइतक्या पाण्यात बसा, मुलाचं डोकं तुमच्या खांद्यावर, गालाला गाल. कान पाण्यात, हनुवटी छताकडे, पोट वर. तिथे दोन-तीन दिवस गेले तरी चालतील. मग एक तळवा मानेखाली, दुसरा पाठीच्या फऱ्यांमध्ये, आणि हळूहळू दुसरा हात काढा. पाय खाली गेले तर उचलू नका. सडपातळ मुलांचे पाय जाणारच. हात कानांजवळून डोक्यामागे नेले की वजन वरच्या बाजूला सरकतं आणि पाय आपोआप थोडे वर येतात. आधी ५ सेकंद, मग १०. पाच-सहा वर्षांच्या मुलाकडून ३० सेकंदांची अपेक्षा ठेवा.

पालथं तरंगणं तुलनेनं सोपं, पण त्यातून परत उभं राहणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि नेमकं तेच शिकवायचं राहून जातं. गुडघे पोटाशी, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबायचं, मग डोकं वर, शेवटी पाय तळाला. उलट क्रमाने केलं, आधी डोकं वर काढलं, तर पाय मागे सरकतात आणि कंबरेएवढ्या पाण्यातही मूल उभं राहू शकत नाही. उथळ पाण्यात गटांगळ्या खाणारी मुलं बहुधा याच ठिकाणी फसतात. पुढे पालथ्याचं उताणं होणं: एक खांदा खाली, नजर त्याच बाजूने आभाळाकडे, अंग मागोमाग वळतं. लहान मुलाला श्वासासाठी मान वळवण्यापेक्षा हे आधी जमतं.

पाय मारताना बहुतेक मुलं सायकल चालवतात, म्हणजे गुडघा पोटाकडे घेतात. अशानं मूल जागचं हलत नाही, उलट मागे जातं. पाय मांडीपासून हलला पाहिजे, घोटा सैल. पायातली चप्पल झटकून लांब उडवायला सांगा. ती हालचाल मुलाला लगेच कळते. भिंतीला धरून पाय मारण्याचे तासन्‌तास फारसे उपयोगाचे नाहीत, कारण भिंत धरली की डोकं वर राहतं आणि कंबर खाली जाते. चेहरा पाण्यात, हात पुढे ताणलेले, भिंतीला पाय लावून नुसतं सरकणं तीन मीटर जमलं, की पाय त्यात मिसळा.

या वयात सगळ्यात मोलाची साखळी ही: काठावरून पाण्यात उडी, वर येणं, मागे वळणं, काठ धरणं, काठाकाठाने सरकणं, बाहेर चढणं. चढताना क्रम म्हणून घ्या: कोपर, कोपर, पोट, गुडघा. चुकून पाण्यात पडलेलं मूल काठापासून सहसा हातभरच लांब असतं. पण त्याची पाठ काठाकडे असते, आणि वळायचं असतं हे त्याला सुचत नाही. ही साखळी प्रत्येक सत्राच्या शेवटी पाच वेळा. शिडीने बाहेर काढू नका, आणि उचलून तर मुळीच नाही.

दंडावरचे हवेचे फुगे शिकण्यासाठी वाईट. मूल उभं राहतं, हात पसरलेले, पाय सायकलवर, म्हणजे बुडण्याची जी ठेवण वर सांगितली तीच ते रोज तासभर घोटतं. शिवाय त्याला पक्कं वाटतं की पाणी आपल्याला वर धरतं, आणि एक दिवस फुगे न घालता ते उडी मारतं. कमरेचं रबरी कडंही तसंच. त्यातून मूल उलटं होऊ शकतं. बोटीत किंवा धरणावर अंगावर बसणारं, पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट हवंच. ते जीव वाचवण्याचं साधन आहे, शिकण्याचं नव्हे.

उन्हाळी शिबिरांबाबत एक साधं गणित करून बघा. ४५ मिनिटं, एक प्रशिक्षक, १५ मुलं: एकेकाच्या वाट्याला ३ मिनिटं. २१ दिवसांत तासाभराहून थोडं अधिक. पाच वर्षांच्या आतल्यांसाठी एका प्रशिक्षकाकडे चारपेक्षा जास्त मुलं नकोत, आणि तीनच्या आत असेल तर पालक स्वतः पाण्यात हवेत. वेळ २० ते ३० मिनिटं पुरे. पाणी ३० ते ३२ अंश असावं. स्पर्धेच्या तलावातलं २५ ते २८ अंश मोठ्यांना छान, लहानग्याचे ओठ त्यात निळे पडतात. कुडकुडणारं मूल काही शिकत नाही, त्याला बाहेर काढा. क्लास बघायला जाल तेव्हा पहिल्या दिवशी प्रशिक्षक मुलाला न सांगता बुडवतो का, आणि पाण्याचा तळ काठावरून स्वच्छ दिसतो का, एवढं जरूर बघा. मेमध्ये शिकलेलं पुढच्या मेपर्यंत टिकत नाही. श्वास सोडण्याची सवय आधी जाते. आठवड्यातून दोनदा वर्षभर हे रोजच्या तीन आठवड्यांपेक्षा चांगलं.

‘पोहायला येतं’ म्हणायचं कधी? बांगलादेशात खेड्यातल्या तळ्यांमध्ये बांबूचे मचाण बांधून मुलांना शिकवतात. तिथला निकष २५ मीटर पोहणं आणि ३० सेकंद तरंगणं हा आहे. नेदरलँड्समध्ये पहिल्या प्रमाणपत्रालाही कपडे घालून पोहून दाखवावं लागतं. ते का, हे एकदा भिजल्या जीन्समध्ये पाय मारून पाहिलं की कळतं. आपल्याकडे ‘रुंदी मारली’ म्हणजे आलं असं धरतात, तीही तळ दिसणाऱ्या, काठ हाताला येणाऱ्या तलावात. विहिरीचं पाणी खाली गार असतं, नदीला ओढ असते.

आणि शेततळं हा तर निराळाच प्रकार. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, उतारावर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. ओल्या कागदावर शेवाळ धरलं की मोठ्या माणसालाही चढून येता येत नाही. पोहता येणारे तिथे दमून जातात. मे महिन्यात गावी जाणार असाल तर मुलाच्या पोहण्याआधी तिथलं बघा. भोवती कुंपण आणि बंद होणारं फाटक. चारही बाजूंना वरती खांबाला बांधून तळापर्यंत सोडलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर. काठावर हवा भरलेली ट्यूब, तीही दोराला बांधलेली. कोणी पडलंच तर आधी दोर किंवा ट्यूब फेकायची, मागोमाग उडी नाही. मूल बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं धरून गरगर फिरवू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी घशात येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०च्या गतीने, दाब सुमारे ५ सेंटिमीटर खोल, तान्ह्या बाळाला ४. आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा.

तुमच्या मुलासाठी यंदाचा उन्हाळा असा धरा: तांब्या आणि फुगे एप्रिलपर्यंत घरी, मग आई किंवा बाबा पाण्यात असताना आठवड्यातून दोन दिवस, २० मिनिटं, उताणं तरंगणं आणि काठाची साखळी. हात मारायचं शिकणं पाच वर्षांचा झाल्यावर. तोवर तो पाण्यात असेल तेव्हा तुमचा हात त्याच्यापर्यंत पोचेल इतक्या अंतरावर तुम्ही, आणि फोन पिशवीत.